लालबागच्या वैशाखात एक विलायतीण

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली वॉचमनने माठ ठेवला आहे. चैत्र सरत आला की तो कुठूनशी घमेलंभर वाळू आणतो, कोपऱ्यात पसरतो आणि तिच्यावर माठ बसवतो. दुपारी लोटाभर पाणी घेऊन ती वाळू भिजवतो. मी दादरच्या मंडईतून भाजी घेऊन येते तेव्हा नेमकी त्याची वाळू भिजवून झालेली असते. मग मी पिशवी खाली ठेवून तिथंच उभी राहते.

"दमलात आजी? पाणी देऊ?"

"नको रे बाबा. उभी राहते जराशी."

त्याला वाटतं, म्हातारीला जिना चढवत नाही. तेही खोटं नाही. पण मी थांबते ती वासासाठी. पावसाने भिजलेल्या मातीच्या वासाचं कौतुक फार झालं. भर उन्हाळ्यात, सावलीत, हाताने भिजवलेल्या वाळूचा वास वेगळा असतो. तो घाई करत नाही. आधी तळपायांना गारवा लागतो आणि मग सावकाश तो नाकापर्यंत चढतो. तो आला की माझ्या डोळ्यांपुढे कमलवहिनी उभी राहते. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि हात कोपरापर्यंत ओल्या वाळूत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला तो उन्हाळा. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी मोकळी झाले होते आणि निकाल लागायला अवकाश होता. आयुष्यात इतकी रिकामी दुपार मला पुन्हा कधी मिळाली नाही. लालबागला आमची दुसऱ्या मजल्यावरची खोली, पुढे सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई मालवणकडची. गिरणीत काम करणाऱ्या, बायकामुलं गावी ठेवून आलेल्या गड्यांची खाणावळ चालवायची. सकाळपासून आमच्या खोलीत नारळ खवण्याचा आवाज असे, आणि चुलीवर एक ना एक कालवण रटरटत असे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ भालू, गिरणीत फिटर होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच त्याला बोटीवर इंजिनखात्यात काम मिळालं आणि तो गेला. मागे आम्ही तिघी. आई, मी आणि वहिनी.

वहिनी सावंतवाडीजवळच्या एका खेड्यातली. चौथीपर्यंत शिकलेली. बोलायची बेताचं, पण एखादी गोष्ट मनात आली की उत्तर मिळेपर्यंत समोरून हलायची नाही. चाळीत येऊन आठवडा झाला असेल नसेल, तेव्हा तिने मला विचारलं होतं, "वन्सं, गिरणीचा भोंगा वाजवतो तो माणूस स्वतः कसा वेळेवर उठतो?" मला हसू आलं होतं. पण पुढे कितीतरी दिवस भोंगा झाला की मला त्या माणसाची आठवण यायची.

त्याआधीच्या थंडीत दादाचा बोटीवरचा सोबती, रघुवीर, आमच्याकडे आला. आईने त्याला पाटावर बसवून बांगड्याचं तिखलं वाढलं. दोन घास पोटात गेल्यावर तो म्हणाला, "मावशी, भालूने एक विचारायला सांगितलंय. पत्रात लिहू का, नको लिहू, असं त्याचं किती दिवस चाललेलं. शेवटी मला म्हणाला, तूच समोर बसून विचार आणि तोंडावर काय दिसतं ते मला सांग."

त्यांची बोट दुरुस्तीसाठी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गोदीत लागली होती. गोदीतल्या साहेबाला दादाच्या हाताचं काम आवडलं. बोट सोड आणि इथंच राहा, कायमची नोकरी देतो, म्हणाला होता. दादा तूर्त तिथंच थांबला होता, राहायला खोलीचीही सोय होती. वहिनी येईल का, एवढंच दादाला विचारायचं होतं.

आईच्या हातातली पळी भांड्यावरच थांबली. "माका काय विचारतंस? तिका विचार," एवढं बोलून ती चुलीकडे वळली.

वहिनी दाराशी उभी होती. घर कसलं, पगार किती, माणसं कशी, यांतलं ती काहीच बोलली नाही. तिने विचारलं, "तिथं उगवतं काय?"

रघुवीर गोंधळला. मग हसला. "तिथं पाऊस उगवतो, वहिनी. बारा महिने श्रावण. पण थंडीतला. हाडांत शिरणारा. रानात जाल तर दगडावर शेवाळ, झाडाच्या खोडावर शेवाळ, फांद्यांवर शेवाळ, आणि त्या शेवाळावर पुन्हा नेचे. जमीन अशी दिसायचीच नाही." मग त्याने खिशातून तंबाखूची चपटी डबी काढली. "आणि हे उगवतं. भालू राहतो त्या घरमालकिणीच्या कुंपणावर लोंबतात ही फुलं, कानातल्या झुमक्यांसारखी. पिकलेली फळं चुरडून, धुऊन, कागदावर वाळवून त्याने बी भरून दिलंय. मातीखाली गाडायचं नाही म्हणाला. नुसतं वर टाकायचं आणि ओल मोडू द्यायची नाही."

डबीत खसखशीपेक्षाही बारीक तपकिरी भुकटी होती. वहिनीने डबी बंद केली, मुठीत धरली आणि रघुवीरला म्हणाली, "तुमची बोट परत कधी लागेल?"

"पावसाळ्याच्या तोंडाला."

"मग तेव्हा सांगते."

त्या झाडाला फ्युशिया म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मी पुढे शाळेत भूगोल शिकवायला लागले. पर्जन्यवन म्हटलं की पुस्तकात विषुववृत्त, घाम आणि हत्तीच्या कानाएवढी पानं. थंड मुलखातही पर्जन्यवनं असतात, धुक्यात उभी, थेंबाथेंबाने वर्षभर गळणारी, हे पुस्तक एका ओळीत उरकायचं. मुलं ती ओळ वाचून पुढे जायची. मी मात्र तिथं अडखळायची. आमच्या मोरीमागच्या भिंतीवर, गळक्या पाइपाखाली, शेवाळाचं तळहाताएवढं असं एक रान होतं. रघुवीर येऊन गेला त्या दिवसापर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वहिनी उलथनं घेऊन गेली आणि ते अलगद खरवडून घेऊन आली.

"उलथनां खंय गेलां माझां?" आई आतून ओरडली.

"आणते, आई. धुऊन आणते."

पसरट कुंडी घेतली. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे, वर विटेचा चुरा, त्याच्यावर नारळाच्या शेंड्यांचा भुसा. खाणावळीत नारळाला काय तोटा! सगळ्यात वर ते शेवाळ. मग वहिनीने रांगोळी सोडावी तशी चिमटीतून ती भुकटी सोडली आणि फुटलेल्या तसबिरीची काच वर ठेवली. कुंडी गॅलरीच्या सावलीतल्या कोपऱ्यात, आमच्या दाराला लागून. रोज सकाळी ती काच उचलून बघायची. काचेला आतून दव धरलेलं असायचं. खाली काही नाही.

मग जानेवारी आला. त्या जानेवारीत मुंबईत काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना मी काय सांगणार? रस्त्यावर गोळ्या चालल्या. कर्फ्यू लागला. आम्ही दारं लावून आत बसलो. आमच्या शेजारच्या खोलीत चंद्रामावशी राहायची, साताऱ्याकडची. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा पांडू. गिरणीत लागून त्याला फार दिवस झाले नव्हते. मिशी फुटतेय न फुटतेय असं वय, मोठ्याने शीळ घालायचा, आणि सकाळी आईसाठी दोन्ही हातांत भरलेल्या कळशा घेऊन गॅलरीतून धावत सुटायचा. तो त्या दिवसांत घराबाहेर गेला आणि परत आला नाही.

चाळीत चुली पेटेनात. मावशी रडली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. आई तिच्याजवळ बसायची, पेज घेऊन जायची आणि तशीच परत आणायची.

त्याच आठवड्यात केव्हातरी कुंडीत हिरवे ठिपके आले. वहिनीने ते पाहिले असणार, पण ती बोलली नाही. आनंदाची बातमी सांगायची ती वेळच नव्हती. कितीतरी दिवसांनी मी सहज काच उचलली तर आत दोन-दोन पानांची इवलीशी गर्दी. मी दचकून वहिनीकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं, आणि कळशी उचलून नळावर गेली. पांडू गेल्यापासून चंद्रामावशीचं पाणी तीच भरत होती. कुणी सांगितलं नव्हतं.

फाल्गुनात एकदा नळावर आम्ही दोघीच होतो. पाणी यायचं होतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, मी ठरवलंय. ही रोपं इथला उन्हाळा काढतील, तर मी तिथला हिवाळा काढीन."

"आणि नाही काढला तर?"

"तर यांना सांगेन, नाही जमणार."

खोलीत ती आल्यापासून मला मैत्रीण मिळाली होती. ती स्कॉटलंडला गेली तर रात्री भांडी घासताना मी कुणाशी बोलणार होते? पण रोपंही मला हवी होती. त्या दोन-दोन पानांची आता चार-चार पानं झाली होती, कडांना बारीक दाते फुटले होते. देवापुढे हात जोडले की नेमकं काय मागावं ते मला सुचायचं नाही. मग मी नुसतीच हात जोडून उभी राहायची.

चैत्राने अर्धी रोपं नेली. सकाळी ताठ दिसायची, दुपारी मान टाकायची, आणि संध्याकाळपर्यंत मोरीतल्या ओल्या फडक्यासारखी पडलेली असायची. वहिनी मेलेलं रोप चिमटीने उचलायची, क्षणभर बघायची आणि बाजूला ठेवायची. एकदा तिने पिण्याच्या पाण्याच्या माठाला बाहेरून हात लावला आणि तशीच उभी राहिली.

"वन्सं, यातलं पाणी गार कसं राहतं?"

"माठ पाझरतो म्हणून."

"मग यांनाच माठात ठेवलं तर?"

आमच्याकडे गळ्याशी फुटलेला एक मोठा माठ धान्य ठेवायला वापरत असू. तिने तो रिकामा केला. आत वाळू भरली, उरलेली रोपं लहान लहान मडक्यांत लावून ती मडकी वाळूत गळ्यापर्यंत पुरली आणि वाळू भिजवली. वरून ओलं गोणपाट टाकलं. हात आत घातला की खरंच गार लागायचं. बाहेर लालबागचा डांबरी रस्ता वितळायचा आणि त्या माठाच्या पोटात जणू दुसराच महिना चालू असायचा.

पण वाळू ओली ठेवायची म्हणजे पाणी हवं. वैशाखात नळ करंगळीएवढा झाला. हंडे-कळश्यांची रांग जिन्यापर्यंत जायची. आईसुद्धा कुरकुरली. "पाणी मेळता दोन हंडे, त्यातलां तू ह्या गवताक घालतलंस?" वहिनी तांदळाचं धुवण वापरायला लागली, भाज्या धुतलेलं पाणी वापरायला लागली. आंघोळीतून तांब्याभर वाचवायची. तरी एका सकाळी नळावर चंद्रामावशीचा तोल गेला.

"आमाला प्यायला पाणी न्हाई आन् ही बया गवताला पाजतीया! पोरं रस्त्यावर मेली, हिला फुलं पायजेत!"

नळाची धार तेवढी हंड्यात वाजत राहिली. मला वाटलं, वहिनी आता रडेल किंवा उलट बोलेल. तिने मावशीची कळशी उचलली, धारेखाली धरली, भरली, कडेवर घेतली आणि रोजच्यासारखी तिच्या दाराशी नेऊन ठेवली. परत येऊन रांगेत आपल्या जागी उभी राहिली. त्या दिवशी घरात ती कुणाशी बोलली नाही. वाळू मात्र भिजवली.

पुढे काही दिवसांनी, दुपारची गोष्ट. मी दाराशी पेपर वाचत पडले होते. आई डुलकी घेत होती. चंद्रामावशी हातात ताडाचा पंखा घेऊन दारात आली.

"माजी खोली लई तापतीया. हितं बसू का?"

"बसा की, मावशी," वहिनी म्हणाली.

मावशी फुटक्या माठाला पाठ लावून बसली. तिथं गार लागायचं, हे कुणालाही कळलं असतं. आधी ती स्वतःला वारा घालत होती. मग कधीतरी ती जराशी वळली, आणि पंखा रोपांवर हलायला लागला. एकाच लयीत, हळू, मनगटातून. तो वारा आम्हांला ओळखीचा होता. पांडू रात्रपाळी करून यायचा तेव्हा दुपारी त्याला झोप लागावी म्हणून ती अशीच वारा घालत बसायची. वहिनीने मान खाली घातली आणि तांदूळ निवडत राहिली. मी पेपर तोंडावर धरला.

दुसऱ्या दिवशी मावशी आपला तांब्या घेऊन आली. मग रोजच येऊ लागली. रोपाशी ती बोलली वगैरे नाही. एकदा तेवढं विचारलं, "ह्येला खायाला काय लागतं?" आणि वहिनी म्हणाली, "काही नाही, मावशी. गारवा लागतो." मावशी म्हणाली, "आता तो कुनाला लागत न्हाई?"

चाळीला आता या प्रकरणाची गोडी लागली. कुणीतरी रोपांचं नाव विलायतीण ठेवलं. हिरा कोळीण सकाळी चाळीच्या दाराशी बसायची. आई तिची जुनी गिऱ्हाईक. मासळी संपली की पाटीच्या तळाला भुश्यात राहिलेला बर्फ ती फेकून द्यायची. आता ती तो घेऊन वर यायला लागली.

"काय गो बाय, जिवंत हाय का तुझी विलायतीण?"

"मडक्यात नको टाकू हिरा, बाहेरून वाळूत ठेव. खारं लागेल तिला," वहिनी म्हणायची.

"आन् मासळीचा वास लागला तर?"

"लागू दे," आई आतून म्हणाली. "लालबागेत ऱ्हवता मां ती?"

खाणावळीतले गडी कामावरून येताना सूतखात्यातलं वेस्ट, म्हणजे धाग्यांचा टाकाऊ गुंता, खिशात कोंबून आणायचे. वहिनी ते भिजवून मडक्यांच्या तोंडाशी गुंडाळायची. बाबी नावाचा एक गडी जेवायला बसण्याआधी गॅलरीतून डोकावून मोठ्याने विचारायचा, "विलायतीण काय म्हणता आज?" आणि सगळे हसायचे. जानेवारीनंतर आमच्या गॅलरीत हसणं परतलं ते असं, चोरपावलांनी.

त्याच दिवसांत शिवाजी पार्कवर सभा होती. चाळ रिकामी होणार होती. वहिनीला जायचं होतं, पण वाळू दुपारभर सुकून जाईल म्हणून ती घुटमळत होती. चंद्रामावशी म्हणाली, "जावा तुम्ही. मी हाय." आम्ही लालबागहून चालत निघालो. परळला माणसं मिळत गेली, नायगावच्या चाळींतून आणखी मिळाली. निळे झेंडे, लाल झेंडे, भगवे झेंडे, सगळे एका रस्त्यावर. पार्कात पाय ठेवायला जागा नव्हती. कधी आवाज न चढवणारी आमची वहिनी 'झालाच पाहिजे' म्हणून अशी ओरडत होती की परतताना तिचा घसा बसला. तिच्या खेड्यात लग्नाला सगळा गाव जमला तरी आंगण भरायचं नाही. वाटेत माझा हात घट्ट धरून ती बसक्या आवाजात एवढंच म्हणाली, "वन्सं, एवढी माणसं!"

आम्ही परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चंद्रामावशी माठाला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तिचा उजवा हात मनगटापर्यंत ओल्या वाळूत होता. कुणी तिला उठवलं नाही.

असं करता करता एकच रोप राहिलं. बाकीची एकेक करून गेली. वहिनीने ज्याची आशा सोडली होती तेच हे रोप, थोडं वाकडं, एका बाजूला झुकलेलं. ज्येष्ठात आभाळ मळायला लागलं तशी त्याच्या शेंड्याशी एक लांबोडकी कळी दिसली. देठ तर इतका बारीक की आता तुटेल मग तुटेल. आम्ही तिच्याकडे बघायलाही घाबरत होतो. माझा निकाल त्या आठवड्यात लागला. मी पास झाले, आईने शिरा केला, आणि पेढे वाटायला गेले तर प्रत्येक दारात पहिला प्रश्न, "कळी उघडली का?"

एका सकाळी ती उघडली. बाहेरच्या चार पाकळ्या लालभडक, मागे वळलेल्या. आतला घागरा जांभळा. त्यातून खाली सुटलेले लाल तंतू. सगळी चाळ बघायला लोटली. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांची निराशा झाली. एवढ्या पाण्याचं, बर्फाचं, वाऱ्याचं फूल म्हणजे निदान कमळाएवढं तरी असेल असं लोकांना वाटलं होतं. हे आपलं अंगठ्याएवढं, आणि तेही मान खाली घालून बसलेलं.

"एवढांच?" बाबी म्हणाला.

"तोंड बी दावीना," हिरा म्हणाली.

चंद्रामावशी सगळ्यात मागे होती. ती पुढे आली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, तरी तिला दिसेना. मग ती सरळ गॅलरीच्या फरशीवर उताणी झोपली. पदर नीट करून, डोकं माठाला टेकवून, कडेबाहेर झुकलेल्या फुलाखाली आणून, तिने वर पाहिलं. बराच वेळ ती तशीच पडून राहिली. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे, कुणी हसत नव्हतं. ती म्हणाली, "बाई गं. सगळं आत हाय."

मग वहिनी तिच्या शेजारी आडवी झाली. मग मी. मग कडेवरच्या पोराला बाजूला ठेवून एकेक बाई. त्या दिवशी आमच्या चाळीत माणसं आळीपाळीने फरशीवर झोपून आभाळाकडे बघत होती.

रघुवीरची बोट लागली तेव्हा फूल गळून गेलं होतं, पण आणखी दोन कळ्या धरल्या होत्या. तो जिना चढून आला, मडक्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "जगली! वहिनी, जगली ही! म्हणजे तुम्ही येणार. मी भालूला..."

चाळीत एव्हाना वहिनीची अट सगळ्यांना ठाऊक झाली होती. दाराशी चंद्रामावशी उभी होती. आई खवणीवर बसली होती आणि खवण्याचा आवाज थांबला होता. मी वहिनीकडे बघायचं टाळलं.

"जगली खरी," वहिनी म्हणाली. "मलाही वाटलं होतं, जगली तर मी येईन. पण रघुवीरभाऊ, ती कशी जगली ते मी रोज बघत होते. मावशी वारा घालत होत्या. हिरा बर्फ देत होती. आई ओरडत होत्या आणि मी वळले की स्वतःच्या तांब्यातलं पाणी घालत होत्या, त्यांना वाटतं मला दिसलं नाही. एका रोपाला जगवायला आख्खी चाळ लागली. तिथं मला जगवायला यांच्याशिवाय कोण आहे? आणि यांनी तरी एकट्याने किती पाणी घालायचं?"

"मग काय सांगू त्याला?"

"सांगा, झाड जगलंय, बघायला या. बोलवायला नको, या म्हणावं."

आईने खवणी पुन्हा सुरू केली. जरा वेळाने तिचा आवाज आला. "कमल, उभ्या उभ्या काय बोलतंस? त्येका पाणी दी आधी. माणूस उन्हातून इलो हा." तिचा आवाज नेहमीपेक्षा चढा होता. आमच्या आईचा आनंद असाच बाहेर यायचा, रागाचे कपडे घालून.

मी आता जेव्हा त्या उन्हाळ्याचा विचार करते तेव्हा मला वाटतं, वहिनीने तो सौदा मोडला आणि बरंच केलं. आपण स्वतःशी अटी घालतो, असं झालं तर तसं करीन. पण अट पुरी होईपर्यंत आपण तेच राहत नाही. ती फाल्गुनात नळावर उभी होती तेव्हा तिला उन्हाळ्याशी सामना करायचा होता. ज्येष्ठात तिला माणसं दिसली होती. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात मी पुढे ही झाडं पाहिली, टांगलेल्या टोपल्यांतून शेकड्यांनी लोंबणारी फुलं. तिथल्या हवेत ती आपसूक वाढतात. सुंदर होती. मी पाहिली आणि पुढे गेले.

आमची विलायतीण पावसाळाभर मजेत फुलली. दादाचं उत्तर आलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. वहिनी कंदील लावायची, फराळ करायची, चंद्रामावशीचं पाणी भरायची. चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही. आणि मग रघुवीरचाच निरोप आला की अमुक दिवशी बोट लागतेय, भालूही आहे.

आम्ही दोघी बॅलार्ड पिअरला गेलो. उन्हात पुष्कळ वेळ उभ्या होतो. प्रवासी उतरायला लागले आणि त्या गर्दीत आम्हांला दादा दिसला. अंगात घोट्यापर्यंत पोचणारा जाडजूड लोकरी कोट, तोंड घामाने निथळलेलं, कोट हातात घ्यायला हात रिकामा नाही म्हणून तसाच घालून आलेला. वहिनी त्याला बघून हसली. गेल्या दोन वर्षांत साठवलेलं सगळं हसू तिथं धक्क्यावर सांडलं. दादा आधी बावरला, मग तोही हसायला लागला.

"काढा तो आधी," ती म्हणाली.

त्याने ट्रंक खाली ठेवली आणि कोट काढला. वहिनीने तो हातात घेतला, वजन करून पाहिल्यासारखा वरखाली केला, आणि लुगड्यावरून सरळ अंगात घातला. बाह्या हाताच्या पुढे लोंबत होत्या.

"अगं, काय करतेस? मुंबईत कोट?"

"असू दे. घरापर्यंत."

ट्रामभर लोक आमच्याकडे बघत होते. दादा तिला गोदीतल्या गोष्टी सांगत होता, साहेबाला कसं सांगितलं, घरमालकीण कशी रडली. वहिनी ऐकत होती. घाम तिच्या कानशिलांवरून ओघळत होता, गाल लाल झाले होते, तरी तिने वरचं बटणसुद्धा सोडलं नाही. भायखळा गेलं, चिंचपोकळीला माणसं उतरली-चढली, आणि ती खिडकीला टेकून, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून, कुठंतरी लांब बघत बसली होती.

चाळीचा जिना चढून आम्ही गॅलरीत आलो. आई औक्षणाचं तबक घेऊन उभी होती, मागे सगळी चाळ. वहिनीने कोट उतरवला. झटकून, नीट घडी घालून दादाच्या हातात दिला.

"तिथंही जमलं असतं मला," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.